गुळाचा दोर

माझी नोकरी काय, असं कुणी विचारलं की मी 'लॅबमध्ये असते' एवढंच सांगते. खरं सांगितलं की लोक हसतात. मी माकडांची लाळ गोळा करते. माणसांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या रानटी माकडांत कुठले विषाणू आहेत आणि त्यातला एखादा आपल्यात उतरण्यासारखा आहे का, हे आमची लॅब शोधते. आता माकडाला काही 'आ कर' म्हणून सांगता येत नाही. म्हणून सुती दोराचे वीतभर तुकडे गुळाच्या पाकात बुडवायचे आणि झाडाच्या फांद्यांवर अडकवून ठेवायचे. माकड दोर चघळतं, गोडी संपली की टाकून देतं. मग हातमोजे घातलेली मी धावत जाऊन तो उष्टा दोर उचलते, नळीत घालते आणि बर्फाच्या पेटीत ठेवते. संत तुकाराम नगरातल्या आमच्या शेजारणींना आईने यातलं काहीही कळू दिलेलं नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी 'रक्त तपासते'.

चाकणजवळच्या त्या टेकडीवर मी गेले ते एका तापामुळे. टेकडीवर मारुतीचं देऊळ, पायथ्याला जुनं गावठाण आणि गावठाणाला खेटून एका कंपनीच्या शेड. लाल तोंडाच्या माकडांची टोळी सकाळी देवळात, दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमागे. तिथल्या एका कामगाराला माकडाने ओरबाडलं आणि पुढे त्याला ताप भरला. मग काय, माकडतापाची आवई उठली. कंपनीच्या सुपरवायझरने वन खात्याकडे अर्ज केला, टोळी पकडून न्या म्हणून. त्यांनी सांगितलं, आधी तपासणी होऊ द्या. धोक्याचं काही निघालं तर पिंजरे लावू, नाही निघालं तर माकडं राहतील.

म्हणजे टोळीचं भवितव्य माझ्या बर्फाच्या पेटीत होतं. मला असल्या गोष्टींचा मनापासून राग येतो. मी दोर उचलणारी बाई, मला कुणाचा न्यायनिवाडा करायचा नसतो.

पहिल्याच दिवशी देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका मावशींनी मला आडवं घेतलं. गावठाणातल्याच त्या. शेत कंपन्यांत गेलं, मुलगा पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये गेला, आणि मावशी मात्र "मला न्हाई जमत लिफ्ट" म्हणून इथेच राहिल्या. रोज तव्यावरची पहिली भाकरी घेऊन टेकडी चढायची, हा त्यांचा नेम.

"तू माकडं न्यायला आलीस व्हय?"

"न्यायला नाही मावशी, तपासायला आले."

"तपासून मंग नेत्यात. ठावं हाय मला." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि माझ्या मास्ककडे, हातमोज्यांकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं घर लुटायलाच आले होते.

मी मुकाट्याने दोर अडकवले. टोळीने दोन-चार दोर नुसते पळवले, एकाने तर माझ्या पेटीवर बसून चघळला. पण बहुतेक दोर मिळाले. दातांनी पिंजून त्यांची पार दशा झाली होती. एकच तेवढा वेगळा होता. लाळेने चिंब, पण एक धागासुद्धा उसवलेला नाही. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

लॅबमध्ये माकडतापाचं काही निघालं नाही. ज्या ज्या विषाणूची आम्हाला धास्ती होती, त्यातलं काहीच नाही. मी मनातल्या मनात नाचत होते. आणि मग त्या न उसवलेल्या दोरात श्वसनमार्गाचा एक विषाणू सापडला. कुठला, ते नेमकं कळायला आणखी तपासणी लागणार होती. आमचे सर म्हणाले, "पूर्ण ओळख पटेपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही."

इकडे सुपरवायझरला दम नव्हता. त्याचा रोज फोन. "ओ ताई, रिपोर्ट काय झाला? पिंजरे आणून ठेवलेत राव खाली. किती दिवस ठेवायचे?" वास्तविक तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या शेडमधली माणसं घाबरली होती आणि त्यांना उत्तर त्यालाच द्यायचं होतं. तरी फोन ठेवला की मी दातओठ खायचे. रात्री जेवताना आई विचारायची, "कुणाचं रक्त बिघडलं एवढं?"

निकाल आला तेव्हा सरांनी स्वतः बोलावून दाखवला. विषाणू माकडांचा नव्हताच. माणसांचा होता, साध्या सर्दीचा. आपल्याला चार दिवस शिंकायला लावणारा, पण माकडाच्या छातीत उतरला तर त्याच्या जिवावर बेतू शकेल असा. आम्ही शोधत होतो ते माकडाकडून माणसाकडे काय येतं. इथे आपणच त्यांच्याकडे पाठवलं होतं.

"पण एवढा जवळून गेला कसा?" सर म्हणाले. "नुसत्या उष्ट्या केळ्याने एवढा सापडत नाही."

मला तो दोर आठवला. न उसवलेला. म्हणजे चावलेला नव्हता, चोखलेला होता. टोळीत कुणाला तरी दात नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीवर होते.

उंबराखाली मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात एक म्हातारी माकडीण. गाल आत गेलेले, अंगावरचे केस विरळ. मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, स्वतःच्या तोंडात घातला, चांगला मऊ होईपर्यंत चावला, आणि तळहातावर काढून तिच्यापुढे धरला. माकडिणीने तो तान्ह्या पोरासारखा मुटूमुटू खाल्ला.

मी ओरडलेच. काय काय बोलले ते आता आठवतही नाही. शिकलेल्या माणसाने वयस्कर बाईशी असं बोलू नये, पण माझा स्वभाव तसाच आहे. टोळी झाडावर पळाली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "तिला दात न्हाईत गं. माझी नातवंडं म्या अशीच वाढीवली. त्यांना न्हाई काय झालं."

मग मी खाली बसले आणि सगळं नीट सांगितलं. दोर, निकाल, सर्दी.

मावशींनी ओला तळहात पदराला पुसला. नंतर विचारलं, "म्हंजी रोग तिचा न्हाई. म्या दिला तिला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो मावशी," मी म्हणाले.

त्यांनी हातातली भाकरी पदरात गुंडाळली. तोंड फिरवून बसल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तोही हातमोजा न काढता.

पुढचं सगळं पटपट झालं. त्या कामगाराला डेंगी निघाला होता, माकडाचा काही संबंध नव्हता. तो बरा होऊन शिफ्टलाही लागला. टोळीला राहू द्यायचं ठरलं, पण एका अटीवर: कुणीही माकडांना काही खायला घालायचं नाही, निदान हाताने तर नाहीच. सुपरवायझरने कॅन्टीनच्या कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवली आणि रिकामे पिंजरे परत पाठवताना मला फोन करून म्हणाला, "बरं झालं राव ताई. मलाबी काय हौस नव्हती."

पुन्हा दोर लावायला गेले तेव्हा मावशी पायरीवरच होत्या, पण नेहमीपेक्षा लांब. पदर नाकातोंडावर ओढलेला, हात मांडीवर, भाकरी नाही. म्हातारी माकडीण आली. त्यांच्यासमोर बसली. हात पुढे केला.

मावशी हलल्या नाहीत. मला ते बघवेना, मी उगाच पेटीचं झाकण लावत बसले.

म्हातारी थांबली, पुन्हा हात केला, मग कंटाळून उंबराखाली गेली. पिकून पडलेली उंबरं पायाखाली सांडली होती. एक उचललं, दगडावर दाबलं आणि चोखून खाल्लं. मग दुसरं.

"बघ की," मावशी हळूच म्हणाल्या. "खातीया." आणि थोड्या वेळाने, "म्या न्हाई दिलं तरी खातीया." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या. मलाही हसू आलं.

म्हातारीने गुळाचा एक दोर मिळवला, मन लावून चोखला आणि टाकून दिला. मावशींनी मला बोटाने दाखवला. "त्यो बघ तिचा. उचल, आन नीट तपास. माझं नाक सुकलंय आता. तिचं काय ते मला कळीव."

निकाल आला तशी मी सरांच्या आधी मावशींना फोन केला. "मावशी, दोर साफ आहे. काही नाही सापडलं."

"व्हय?" पलीकडून आवाज एकदम उजळला. "म्हंजी उद्या सकाळी एक भाकरी..." आणि तिथेच थांबला. तव्यावर काहीतरी चरचरल्याचं ऐकू येत होतं.

"न्हाई, ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बरी हाय न्हवं ती? बास मंग."