हरल्यावर आधी आपली चूक सांगायची

मुलीसाठी आणलेला बुद्धिबळाचा पट काल बिबवेवाडीच्या घरी उलगडला. नव्या रेक्झिनचा उग्र वास आला आणि मला सोळा वर्षांपूर्वीची ती गार खोली आठवली.

त्या एसी खोलीत असेच नवेकोरे पट मांडून आमच्या कंपनीने बुद्धिबळातून नेतृत्व शिकवण्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. माझ्यासमोर आमचे साहेबच खेळायला बसले. मी हरलो. गावच्या शाळेत गुरुजींनी सवय लावली होती, की हरल्यावर हात मिळवायचा आणि आपली चूक आपणच आधी सांगायची. मी म्हणालो, "साहेब, वजीर जाईल म्हणून मी तो बाहेरच काढला नाही. निर्णय घ्यायची मला भीतीच वाटते."

"अहो, बोला मोकळेपणाने. खेळच तर आहे!" साहेब हसले आणि त्यांनी आल्याच्या चहाचा कप माझ्याकडे सरकवला. घरातला मी पहिला पदवीधर. एवढा मोठा माणूस आपलं ऐकतोय, यानेच मी भारावलो.

महिन्याभराने बढतीच्या मुलाखतीत त्यांनी वही उघडली. "निर्णय घ्यायला घाबरता, हे आपणच सांगितलंत ना?" माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. बढती गेली. पुढे कित्येक दिवस मला साहेबांपेक्षा गुरुजींचाच राग येत होता.

काल मुलगी हरली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, माझं काय चुकलं ते सांगू?"

"सांग," मी म्हणालो, "पण फक्त मलाच सांगत जा."

गुरुजींनी असं कधीच म्हटलं नसतं.