हकालपट्टीचं पत्र

तालुक्यात आमच्या पक्षाला सगळे ‘काकांचा पक्ष’च म्हणायचे. काका अध्यक्ष, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कट्टा गावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान. सकाळची गाडी बंद झाली आणि माझ्या मुलीचं कॉलेज अडलं, तेव्हा काकांबरोबर मी दोन दिवस आगारासमोर बसले. गाडी सुरू झाली आणि मी पक्षात आले. भाषण मला जमत नसे. अक्षर बरं, म्हणून बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आलं.

फूट पडली ती पंचायत समितीच्या निवडणुकीआधी. आमचे सचिव वकील होते, हुशार आणि बोलके. त्यांचं म्हणणं, मोठ्या पक्षाशी जुळवून घेऊ, निदान एक जागा पदरात पाडू.

काका उसळले. “मगे आपलो पक्ष कित्याक होयो? थेट थंयच जावा.”

त्यानंतर बैठका दोन ठिकाणी व्हायला लागल्या. एका दुपारी वकील दुकानात आले. “जागा बायकांसाठी राखीव आसा. तुझाच नाव घालतंय मी.”

मला ती जागा हवी होती. वेगळं कारण सांगण्यात अर्थ नाही.

शेवटच्या बैठकीचा निरोप काकांना दिलाच नव्हता, हे मला माहीत होतं. वकिलांनी ठराव वाचला. पक्षविरोधी कारवायांबद्दल अध्यक्षांना पक्षातून काढून टाकण्यात येत आहे. आम्ही नऊ जणांनी एकमेकांकडे न बघता हात वर केले. मग मान खाली घालून मी लिहिलं, ‘एकमताने मंजूर’. पत्रही मीच लिहिलं.

“तूच नेऊन दी,” वकील म्हणाले. “तुका ते कायव बोलाचे नाय.”

काका घरापुढच्या खळ्यात काजू वाळत घालत होते. “ये गो, बस. ऊन काय कमी आसा?” म्हणाले, आणि आत हाक मारून माझ्यासाठी कोकमाचं सरबत करायला सांगितलं. मी पाकीट पुढे केलं. अक्षर कुणाचं हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग ते माझ्याशी शुद्ध मराठीत बोलले, साहेबांशी ऑफिसात बोलावं तसे.

“पोच कुठे द्यायची?”

मी जागा दाखवली. त्यांनी सही केली.

“निघा आता आपण.”

सरबताचा पेला घेऊन त्यांची बायको दारात उभी होती. तिने तो पुढे केला नाही.

वकिलांचं गणित चुकलं. मोठ्या पक्षाने जागा आम्हाला सोडलीच नाही. तरी मी उभी राहिले. काकांनी उरलेल्या चारपाच जणांना घेऊन आपलीच शाखा खरी असं जाहीर केलं आणि माझ्याविरुद्ध सुनेला उभं केलं. चिन्ह वादात अडकलं, ते दोघींनाही मिळालं नाही. वाडीवाडीत बायका विचारायच्या, “तुमी दोघी एकाच पक्षाच्यो ना? मगे ह्या काय?” मी हात जोडून पुढे जायची.

निवडून आली ती मोठ्या पक्षाची बाई. आमच्या दोघींची मतं एकत्र असती तर ती पडली असती. मतमोजणीच्या ठिकाणी काकांची सून माझ्या शेजारीच उभी होती. आकडे ऐकून तिने पदर तोंडाशी धरला. महिन्याभरात वकील मोठ्या पक्षात गेले. मला ते दुसऱ्यांकडून समजलं.

पावसाळा सरल्यावर मी काकांकडे गेले. माफी मागायचीच, असं ठरवून गेले होते. त्यांची बायको पडवीत आली.

“ते निजलेत.”

आतून खोकल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकांनी विचारलं, “कोण आसा गो?”

तिने माझ्याकडे बघितलं. “कोण नाय,” ती म्हणाली.

मला ओरडून सांगता आलं असतं, मी आहे म्हणून. तिने दार लावलं नाही, नुसती बघत राहिली. शेवटी मीच खळं ओलांडून रस्त्यावर आले.