लघवी हा शब्द चार वेळा

“रातले कितला डाव उठतस?”

रात्री लघवीला किती वेळा उठता, हा आप्पांचा नमस्कार होता. लग्नाच्या मांडवात, विसरवाडीच्या चौफुलीवर चहा पिताना, तळोद्याच्या बाजारात कांदे निवडताना, समोर पन्नाशीच्या पुढचा पुरुष दिसला की आप्पा हेच विचारायचे, आणि तेही एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात. नोकरी संपली होती, आवाज निवृत्त झाला नव्हता. ऐकणारा आधी आजूबाजूला बघायचा, मग हसायचा, मग म्हणायचा, “एकदाव बी नही.” आमच्या तापीकाठचे पुरुष फार निरोगी. विचारलं की सगळेच निरोगी असतात.

आप्पा स्वतःही दोन वर्षं तसेच निरोगी होते. लघवीला त्रास होता, तो कोणाला सांगितला नाही. कंबर दुखायला लागली तेव्हा बसच्या खडखडाटावर खापर फोडलं आणि बायकोकडून तेल चोळून घेतलं. डॉक्टरकडे गेले तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता. इंजेक्शनं सुरू झाली, वेदना आवाक्यात आल्या, आणि मग ते आमच्या कामावर रुजू झाले.

आमचं काम म्हणजे जनजागृती. मोठ्या शहरातली एक संस्था पुरुषांच्या आरोग्यावर फिल्म बनवते आणि गावोगाव दाखवते. मी जिल्हा समन्वयक. पडदा बांधणं, लोक जमवणं आणि फिल्मनंतर बोलणं हे आप्पांकडे.

पहिली फिल्म फार कलात्मक होती. एक मोठा वड, त्याखाली दाढीवाला देखणा बाप, सोबत बासरी. वडाचं एक पान गळतं. बाप क्षितिजाकडे बघतो. अक्षरं येतात, “स्वतःसाठी थोडा वेळ काढा.” आजाराचं नाव कुठेही नाही. दिग्दर्शकाच्या मते ते सूचक होतं.

प्रकाशा या आप्पांच्याच गावात ती दाखवली. संपल्यावर एका बागायतदाराने उठून विचारलं की रोपं कधी वाटणार. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात आप्पा पडद्यासमोर गेले.

“हाऊ पिच्चर झाडसना नही शे, भाऊ. तुम्हना शे.”

मग त्यांनी स्वतःची सगळी हकीगत सांगितली. लघवी कशी अडायची, ते काय काय खोटं बोलले, डॉक्टरांनी कुठे बोट घालून तपासलं. पुढच्या रांगेतले प्रतिष्ठित लोक जमिनीकडे बघत होते, जणू तिथे पीक उगवणार होतं. शेवटी आप्पा म्हणाले, “माले दोन वरीस लाज वाटनी. ती लाज आते हाडकासमा जाई बठनी.”



मी ते बोलणं त्यांच्या ओसरीवर, ऑफिसच्या मोबाइलवर पुन्हा चित्रित केलं आणि संस्थेकडे पाठवलं. उत्तर आलं की प्रयत्न प्रामाणिक आहे, पण सौंदर्यदृष्टी कमी पडते. शिवाय लघवी हा शब्द चार वेळा येतो, त्याजागी ‘नैसर्गिक गरज’ म्हणता येईल का? आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की भाकरीसुद्धा नैसर्गिक गरजच असते, लोक दवाखान्यात जाऊन जेवायला मागतील. आम्ही ती फिल्म तशीच मोबाइलवरून पसरवली. संस्थेने वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर वडाचं पान छापलं.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर गेलो तेव्हा मी दुभाष्या बाईंना बजावलं, विषय नाजूक आहे, जरा जपून. त्या आशा कार्यकर्त्या होत्या. त्यांनी पावरी बोलीत सगळं एका दमात सांगितलं. बाया, म्हातारे, सगळे शांतपणे ऐकत होते. नाजूक फक्त मी होतो.

हे आप्पांच्या लक्षात आलं असावं. परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, “साहेब, तुम्ही तपासी लिधं का?”

मी म्हणालो, गेल्याच वर्षी, सगळं व्यवस्थित आहे. इतकं सहज खोटं बोललो, की तापीकाठच्या पुरुषांकडून मिळालेलं प्रशिक्षण वाया गेलं नाही याचं समाधान वाटलं. आप्पांनी विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

शहाद्याला झालेल्या पुढच्या शिबिरात तपासणीच्या यादीत पहिलं नाव माझं होतं, त्यांच्या अक्षरात. मी गडबडलो, कामं आहेत म्हणालो. ते माझ्या शेजारी बाकावर बसून राहिले. त्यांना तेव्हा बसणंही जमत नव्हतं, सारखी कूस बदलत होते. ते बघून मला माझीच लाज वाटली आणि मी आत गेलो.

रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. पुढच्या तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, पण गाठीच्या बाहेर पडला नव्हता. ऑपरेशन झालं, मी वाचलो.

ऑफिसात मी काय सांगितलं, तर हर्निया. होय, जनजागृतीच्या जिल्हा समन्वयकाने.

आप्पा भेटायला आले तेव्हा त्यांच्या कानावर हे गेलं होतं. ते रागावले नाहीत. माझ्या उशाशी संत्री ठेवली, पांघरूण पायावर ओढून दिलं आणि म्हणाले, “घाबरी गयथात, बस. मी बी घाबरेल व्हतू.” आमच्या तीन वर्षांच्या ओळखीत त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी तेव्हाच ऐकला.

त्या हिवाळ्यात आप्पा गेले.

थोरल्या मुलाने निधनाची पत्रिका छापली. त्यात लिहिलं होतं, “अल्पशा आजाराने”. आपण नोकरदार, सासरची माणसं येणार, बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. उत्तरकार्याला तापीकाठी मोठी गर्दी होती. वक्त्यांनी आप्पांना आरोग्यदूत म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं. कशाने गेले ते कोणीच म्हणालं नाही. संस्थेचा शोकसंदेश मी वाचला. त्यातही ते नव्हतं, आणि मी माझ्याकडून घातलं नाही.

मग बायकांमधून आप्पांची बायको उठली. ही बाई कधी चारचौघांत बोलली नव्हती. पत्रिका हातात धरून, माइकशिवाय तिने सांगितलं.

“त्यास्ले प्रोस्टेटना कॅन्सर व्हता. पाच वरीस व्हता. अल्पसा नही व्हता.”

आणि पदर सावरून खाली बसली.

मग रोपं मागणारे ते बागायतदार उठून माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, शहाद्याला तो तपासणीचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो. मी सांगत होतो तोवर त्यांच्या मागे आणखी दोघे येऊन थांबले, मग चौथा. पंगतीला अजून अवकाश होता, त्यामुळे ही रांग जेवणाची नाही हे समोर बसलेल्या सगळ्या बायकांना दिसत होतं.