पलंगावरून काय दिसतं

आत्याबाई कुणाच्याही घरी गेल्या की झोपायच्या खोलीत शिरून सरळ आडव्या होत. दमल्या म्हणून नव्हे. डोळे उघडे ठेवून छताकडे, भिंतींकडे बघत पडायच्या आणि मग निकाल द्यायच्या, "इथं कोनाले नींद लागन? थे खुंटीवरचे कपडे पह्यले काढा." लोक हसत. मीही हसले होते. माझ्या यजमानांच्या या आत्या तरुणपणीच विधवा झालेल्या. रामपायलीला सासरच्या घरी एकट्या राहत. त्यांना मूलबाळ झालंच नाही, असं मी ऐकून होते.

एकोणीसशे साठच्या सुमारास मी गोंदियाहून लग्न होऊन बालाघाटला आले. पहिली मुलगी बारसं झाल्यावर महिन्याभरात तापानं गेली. पाळणा माळ्यावर गेला, घरात तिचं नाव कुणी काढेना. आणि माझी झोपच उडाली. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, नजर काढून झाली. ही आता वेडी होते की काय, असं शेजारणी कुजबुजू लागल्या. खरं सांगायचं तर तीच भीती मलाही वाटत होती.

शेवटी आत्याबाई बसनं आल्या. पाय धुतले आणि म्हणाल्या, "ऊठ व माय, तुह्या जागेवर मले पडू दे."

पडल्या, आणि वर बघत राहिल्या. मग सासूबाईंना हाक मारली. "वयनी, हा पलंग फिरवा."

"फिरवला त पाय दक्षिणेले होतेत, बाई! मेल्या मानसावानी. काहून अपशकुन करून राह्यल्या?"

"हौ, होऊ द्या. यमाले मी पाहून घेतो. पन या पोरीले वर काय दिसते, थे पाह्यलं का तुमी?"

सासूबाईंनी वर पाहिलं. तुळईला पाळण्याची कडी तशीच होती. पाळणा सगळ्यांनी आठवणीनं काढून ठेवला होता, कडी कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. मी रोज तिच्याखाली डोळे उघडे ठेवून पडत होते आणि हे कुणाला सांगावं, ते मला कळत नव्हतं. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून रडू लागल्या.

"कडी राहू द्या, पुढं लागन," आत्याबाई म्हणाल्या.

पलंग फिरला. ट्रंका बाहेर गेल्या. आत्याबाईंनी भिंतींना छुईची पांढरी माती लावली, खिडकीला सिंदीच्या पानांची चटई बांधली. "खोलीत सामान कमी, त जिवाले आराम," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. भिंती वाळल्यावर दुपारी मी जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. आत्याबाई उंबऱ्यावर बसून आल्यागेल्याला हातानंच गप्प करत होत्या.

पुढे त्याच कडीला माझ्या दोन्ही मुलांचा पाळणा टांगला.

आत्याबाई गेल्या तेव्हा तेरवीनंतर त्यांची खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. आत एक खाट आणि पाण्याचा तांब्या, बस. का कोण जाणे, मी त्यांच्या खाटेवर आडवी झाले आणि वर पाहिलं. तुळईला पाळण्याची गंजलेली कडी होती, नेमकी डोळ्यांसमोर. मला फार रडू आलं. उठून खाट जरा सरकवून पाहिली, तर सारवलेल्या जमिनीत चारही पायांचे खोल खळगे पडले होते. माझा पलंग फिरवणाऱ्या आत्याबाईंनी स्वतःची खाट जन्मभर हलवली नव्हती.