आईचं बेटर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या बेसा वस्तीतल्या घरात ‘बेटर’ या शब्दानं नुसता उच्छाद मांडला. मराठीत ‘बरं’ आहे, ‘ठीक’ आहे, सगळं आहे. पण सदरमधल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा ‘आता बेटर ना?’ विचारलं, आणि आईनं तो शब्द उचलला तो उचललाच. भेटायला कोणी आलं की हसून ‘बेटर आहे’. पाहुणे चहा पिऊन चपला घालेस्तोवर तेच हसू. दार लागलं की मला हाक, “मरून राहिली वं मी, बर्फाची पिशवी आण!”

या शब्दाचा मला आधीपासूनच वैताग. दुकानात बेटर म्हणजे महाग. मिहानमधल्या माझ्या ऑफिसात बेटर म्हणजे केलेलं सगळं पुन्हा कर. आणि आमच्या घरी बेटर म्हणजे मी धरून नेल्याशिवाय आईला बाथरूमपर्यंतही जाता येत नाही.

भाऊ बंगळुरूला. शनिवारी येतो म्हणाला होता. आईनं सकाळीच त्याच्या खोलीतली चादर मला बदलायला लावली, वर “नीट ओढ” म्हणून पलंगावरून ओरडलीही. दुपारी त्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“आई, कशी आहेस?”

“बेटर आहे बाप्पा. एकदम बेटर.”

मी समोरून हातवारे करतेय, नाही म्हण, खरं सांग. तिनं माझ्यावरच डोळे वटारले.

“अरे वा! मग आता सुट्टी घालवत नाही. दिवाळीलाच येतो, निवांत.”

“हो हो. काही घाई नाही. तब्येत सांभाळ.”

फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. “काहून खोटं बोलली वं आई? रात्रभर कण्हत होतीस. तो येत होता ना! तूच नको म्हटलं त्याले!”

एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, पण तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी रागारागानं बर्फ आणायला वळले, तेव्हा मागून रडवेला आवाज आला.

“मी तर म्हणीनच बेटर. म्हणून त्यानं येऊच नाही काय?”