सासूची घुंगरं

ग्लिनिबामावशीने जावयाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या नवाहो बोलीत सासूला ‘दोयोईनी’ म्हणतात, म्हणजे जिच्याकडे बघायचं नाही ती. जावयाशी नजरानजर झाली तर डोळे जातात. म्हणून मावशीच्या कानांत घुंगरं. ती वाजली की जावई, होस्की, असेल तिथून पळायचा. मावशीही मुद्दाम मान हलवून वाजवायची.

या उन्हाळ्यात तिला त्याच्या ट्रकची चाकोरी खुपायला लागली.

“रोज पहाटे घळीकडे जातो. जाताना चाकं खोल रुततात, येताना वरवर. ताडपत्रीखाली माझ्या मेंढ्या नेऊन विकतोय मेला!”

“मावशी, कालच मोजल्यास ना? पुऱ्या भरल्या,” मी म्हटलं.

“मग चांगल्या नेऊन मरतुकड्या आणून ठेवत असेल. तू गप बस.”

मेंढ्यांत तिचा जीव होता. शेवटी तिने लेकीला, यानिबाला, सांगून टाकलं, “त्याचं खोगीर दाराबाहेर ठेव.” आमच्यात बायकोने खोगीर बाहेर ठेवलं की संसार संपला, नवऱ्याने ते उचलून मुकाट्याने चालू लागायचं.

यानिबाचा चेहरा उतरला. “ठेवते. पण आधी तू घळीत जाऊन बघून ये. मी सांगणार नाही, त्याने शपथ घातलीय.”

“शपथ! म्हणजे चोरीच!”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मला ओढत घळीत घेऊन गेली. चाकोरी थेट मेंढ्यांच्या दगडी डोणीपाशी थांबली होती. वरच्या झऱ्याचं पाणी या डोणीत येतं. गुडघे दुखतात म्हणून मावशी कित्येक वर्षांत झऱ्यापर्यंत चढली नव्हती. मी चढले. झरा कोरडा ठणठणीत, तळाला भेगा.

मी वरून ओरडून सांगितलं, तशी ती डोणीतल्या पाण्याकडे बघत राहिली. झरा आटला हे कळतं, तर तिने मेंढ्या विकल्या असत्या आणि अंथरूण धरलं असतं. तिच्या त्या चोराला हे ठाऊक होतं.

तेवढ्यात ट्रकचा आवाज आला. मावशी खडकाआड झाली आणि तोंड फिरवून बसली. सवयीने मान हलणार, तोच तिने दोन्ही कानांतली घुंगरं मुठींत गच्च धरली. ती वाजली असती, तर होस्की ताडपत्रीखालची पाण्याची पिंपं तशीच घेऊन पळाला असता.

डोणीत पाणी पडत राहिलं. मावशीचे डोळे वाहत होते, पण पुसायला तिने मूठ सोडली नाही.