नऊ घटी, पन्नास पळे

तमाम वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, देवास मुक्कामी, टेकडीच्या पायथ्याच्या एका गल्लीत, संगणकाशी रीतसर पत्रव्यवहार करणारा जगातला एकमेव माणूस राहतो. ही बातमी पोहे खाता खाता वाचू नये, ठसका लागेल. हे गृहस्थ म्हणजे आमच्या हिचे सख्खे काका, अर्थात माझे चुलतसासरे. उंची बेताची, मिशी करडी, आणि खिशाला दोन पेनं: निळं जाणाऱ्या कागदांसाठी, लाल येणाऱ्या कागदांसाठी. बागलीच्या एका सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी टेकडी चढतात, संध्याकाळी सूनबाईंच्या चुका काढतात. काकांना सून नव्हती आणि गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी अजगराच्या नावाची एक संगणकभाषा शिकायला घेतली.

शिकले मात्र मनापासून. चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा आणि इंटरनेटवरून दूरच्या कुठल्याशा सर्व्हरकडे माहिती मागायची, हा त्यांचा आवडता उद्योग. या मागणीला सगळं जग रिक्वेस्ट म्हणतं, काका अर्ज म्हणतात. आणि अर्ज म्हटला की जावक क्रमांक आला. त्यांच्या टेबलावर हिरव्या कापडी बांधणीची एक वही आहे. बटण दाबण्याआधी निळ्या पेनाने नोंद, उत्तर आलं की लाल पेनाने. सुरुवातीला ते अर्जाच्या मजकुरात ‘महोदय, आपणांस सविनय विनंती की’ असंही घालत. सर्व्हर बिचारा चारशे हा आकडा पाठवून गप्प बसे, म्हणजे ‘तुम्ही काय म्हणताय ते मला समजलं नाही.’ काका दुखावले. आठ दिवस थांबून त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा चारशे. शेवटी नेटवाल्याला बोलावलं. त्याने वायर काढली, फुंकली, परत लावली आणि म्हणाला, “अंकल, अपनी लाइन तो चकाचक है. सामनेवाला ही भाव नी दे रिया.”

पुढे काकांना सगळ्या नकारांचे आकडे पाठ झाले आणि त्यांनी त्यांची खानदानी वर्गवारी केली. मला समोर बसवून सांगत, “हे बघा जावईबापू, चारशे एक म्हणजे ‘आपण कोण?’ चारशे तीन म्हणजे ‘ओळखलं, पण आत येऊ नका.’ चारशे चार म्हणजे ‘साहेब इथे राहत नाहीत.’ आणि पाचशे म्हणजे ‘चूक आमची आहे, क्षमा असावी.’ नकार द्यावा तर असा! थोरल्या पातीचा वाटतो.” इथे खुलासा करायला हवा. संस्थानी काळात आमच्या या एवढ्याशा देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. काकांचे पणजोबा थोरल्या पातीत चिटणिशीला, आणि काकूंचं माहेर धाकट्या पातीतलं. राज्यं कधीच विलीन झाली, पण त्या घरात ती अजून शाबूत आहेत. दूध उतू गेलं तर धाकटी पाती, कुलूप लावायचं राहिलं तर धाकटी पाती. काकू भाजीला फोडणी घालता घालता एवढंच म्हणत, “आमच्याकडे निदान जेवण वेळेवर मिळायचं. तुमच्याकडे आधी जावक क्रमांक.”

हा सगळा खेळ चालला होता तोवर मजेत चालला. मग चिमीचं लग्न आलं. चिमी ही काका-काकूंची एकुलती एक. इंदूरला नोकरी करते. तिथेच तिच्या ऑफिसातला धारचा एक मुलगा तिने पसंत केला. मुलगा लाखात एक, घर आपल्यातलं, अडचण एकच, धारवाले पत्रिकेचे पक्के. छत्तीसपैकी अठरा गुण जमले तरच पुढचं बोलणं. मुलाचे वडील देवासला आले, दोन वाट्या श्रीखंड खाल्लं आणि म्हणाले, “ज्योतिषी काय, दक्षिणा बघून गुण वाढवतात. तुमचा शब्द सगळ्या माळव्यात प्रमाण. तुम्ही काढाल तो आकडा आम्ही मानू.” काकांची छाती अशी फुगली की दोन्ही पेनं तिरकी झाली. त्यांनी तिथल्या तिथे वचन दिलं: जो आकडा येईल तो, रविवारी, लेखी.

प्रोग्राम तयारच होता. जन्मवेळ द्यायची, तो सर्व्हरकडून ग्रहांची स्थिती मागवायचा आणि गुण मोजायचा. तपासणी म्हणून काकांनी आधी स्वतःची आणि काकूंची पत्रिका घातली. अडतीस वर्षांच्या संसाराला गुण आले साडेसात. काकू म्हणाल्या, “मशीन चांगलं आहे हो.” मग चिमीची आणि मुलाची पत्रिका घातली. आले नऊ.

काकांनी लाल पेनाने नऊ लिहिलं आणि वही मिटली. त्या आठवड्यात त्यांनी काय काय केलं ते वहीत आहे. तोच अर्ज एकतीस वेळा पाठवला. सर्व्हरने दिलेली परवान्याची किल्ली तपासली, पत्ता तपासला, नेटवाल्याला पुन्हा बोलावलं. सर्व्हर दर वेळी दोनशे म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ असं सांगून तीच ग्रहस्थिती पाठवत होता. सर्व्हरने नकार दिला नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शनिवारी चिमी आली. तिने वही पाहिली, खुर्चीत बसली आणि अगदी हळू म्हणाली, “बाबा, नऊचे सत्तावीस करून टाका ना. एक ओळ तर बदलायचीय. मेरी लाइफ का सवाल है.” काकांनी चष्मा काढून पुसला. “तू म्हणशील तर मी धारला जाऊन त्यांचे पाय धरीन, बाळा. पण खोटा आकडा माझ्या हातून जावक होणार नाही.” चिमी उठून आत गेली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. असल्या वेळी जावयाने खिडकीबाहेरच बघायचं असतं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. संगणकाकडे त्या सहसा सवतीसारख्या बघत, पण त्या दिवशी ट्रे ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली. “हे काय? चिमीचा जन्म नऊ अठ्ठावन्नचा? कुणी सांगितलं?”

“पत्रिकेवरूनच आहे ते,” काका म्हणाले.

“शक्यच नाही. दहाच्या ठोक्याला तुम्ही दवाखान्याच्या दारात उभे राहून समोरच्या कचेरीकडे बघत होता. हजेरीपत्रकावर सही राहिली म्हणून हळहळत होता. मी इकडे कळा देतेय आणि हे तिकडे लेटमार्क मोजतायत! पोर त्यानंतर झाली. विसरेन होय मी?”

काकांचा कप वाटेत थांबला. पस्तीस वर्षांच्या नोकरीतला तो एकच लेटमार्क. स्वतःचा वाढदिवस विसरले असते, तो विसरणं अशक्य. जुनी पत्रिका निघाली. त्या घरात जन्मवेळ घड्याळाची लिहीत नाहीत, सूर्योदयापासूनची घटी-पळं लिहितात. घटका चोवीस मिनिटांची, साठ पळांची. काकांच्याच हस्ताक्षरात होतं: नऊ घटी, पन्नास पळे. ते त्यांनी संगणकाला मध्ये टिंब देऊन नऊ पॉइंट पन्नास असं सांगितलं होतं. संगणकाने शाळेत शिकल्याप्रमाणे शेवटचं शून्य निरुपयोगी म्हणून पुसून टाकलं. उरले नऊ पॉइंट पाच, आणि प्रोग्रामने टिंबापुढचं वाचलं: पाच पळं. पन्नासाची पाच झाली, अठरा मिनिटं बुडाली आणि पोर नक्षत्राच्या उंबरठ्यावरून मागे घसरली. सर्व्हर निर्दोष होता. चुकीच्या प्रश्नाला तो आठवडाभर अचूक उत्तर देत होता.

टिंबापुढे नेहमी दोन आकडे ठेवायचे, अशी एक ओळ काकांनी सुधारली. जावक क्रमांक टाकला, बटण दाबलं. साडेसव्वीस! चिमी धावत आली ती थेट काकूंच्या गळ्यात पडली. काकांच्या वाट्याला पाठमोरी वेणी आली. मग न्यायाने त्यांनी स्वतःची पत्रिकाही पुन्हा घातली. साडेसातच. त्यात चूक नव्हती.

लग्न थाटात झालं. चिमी धारला सासरी गेली, ऑफिसला तिथूनच ये-जा करू लागली; तिचं शनिवारचं देवासला येणं थांबलं आणि घर एकदम मोठं झालं. मुलीच्या सासरी सारखे फोन करू नयेत, ही काकांची जुनी शिस्त. पण परवा मी गेलो तर वही उघडी होती. पानंच्या पानं एकच अर्ज: धारचे आजचे तापमान कळावे. सकाळी सहाला, सव्वासहाला, साडेसहाला. शेवटी लाल पेनाने चारशे एकोणतीस. हा नकार माझ्या ओळखीचा नव्हता. “याचा अर्थ काय, काका?”

काका पेनाचं टोपण लावत म्हणाले, “‘आपण फार वेळा विचारता.’” आणि खिडकीतून, धारच्या बसेस जातात त्या रस्त्याकडे बघत राहिले.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा, “अहो, धारचं ऊन काय पुसता घडीघडी! पोरीला फोन लावा आणि सांगा सरळ, बापाला करमत नाहीये म्हणून!”